परवाना, जागा आणि कारागीर : हौगांगची गॅरेजे व सिंगापूरमधील जुन्या मोटारी

सिंगापूर बेटाच्या ईशान्येस असलेले हौगांग हे नगर आज प्रामुख्याने सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींची वसाहत म्हणून ओळखले जात असले, तरी त्याच्याच हद्दीत मोडणारी डेफू ही औद्योगिक वसाहत मोटारींची दुरुस्ती, पत्र्याचे काम, रंगकाम आणि भंगाराचा व्यवहार करणाऱ्या छोट्या गॅरेजांमुळे कित्येक दशके शहरभर माहितीची होती. ज्या देशात मोटारीचे कायदेशीर आयुष्य दहा वर्षांच्या मुदतीत बांधून टाकलेले आहे, त्याच देशात अर्धशतकापूर्वीची मोटार विकत घेऊन ती पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस टिकून राहिली, हे समजून घ्यायचे तर बेटावरील मोटारीचा, करधोरणाचा आणि हौगांगसारख्या भागांतील जमिनीचा इतिहास एकत्र वाचावा लागतो. जुनी मोटार मालकाच्या पैशावर किंवा कायद्याने दिलेल्या सवलतीवर टिकते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ती चालवण्याचा परवाना, ती खोलून ठेवण्यापुरती जागा आणि तिचा पत्रा हाताने घडवू शकणारा कारागीर या तिन्ही गोष्टी एकाच काळी व एकाच शहरात मिळाव्या लागतात, हे सिंगापूरच्या इतिहासातून स्पष्ट होते. यांपैकी परवान्याची सोय तेथील शासनाने नियमांत करून ठेवली. जागा आणि कारागीर मात्र डेफूसारख्या वसाहतींच्या आधाराने टिकले, आणि आज खरी काळजी त्यांचीच आहे.

मोटारीचे आगमन

सिंगापुरात मोटार आली ती ऑगस्ट १८९६ मध्ये. कॅट्झ ब्रदर्स या व्यापारी पेढीने जर्मनीतील बेंझ कंपनीची गाडी मागवून तिची विक्री सुरू केली. जुन्या सिंगापूरच्या आठवणी आणि नोंदी संकलित करणारे चार्ल्स बर्टन बक्ली हे अगदी सुरुवातीच्या मोटारमालकांपैकी एक होते, आणि त्यांच्या बेंझला लोकांनी ‘कॉफीचे यंत्र’ असे नाव ठेवले होते. १९०६ साली वाहननोंदणीची पद्धत सुरू झाल्यावर ‘एस १’ हा पहिला क्रमांक श्रीमती जी. एम. डेअर यांच्या छोट्या दोन आसनी गाडीस मिळाला. मलायातील पहिल्या महिला मोटारचालक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याच वर्षी वेर्न बंधूंनी मोटारींच्या विक्रीची व दुरुस्तीची पेढी काढली आणि १९०७ मध्ये सिंगापूर ऑटोमोबाइल क्लबची स्थापना झाली. मुंबईत मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या आणि वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ मध्ये स्थापन झाली, हे लक्षात घेता ब्रिटिश साम्राज्यातील या दोन बंदरांचा मोटारीशी आलेला संबंध जवळजवळ समकालीन ठरतो.

या पहिल्या पिढीच्या मोटारी धनिकांच्या असल्या, तरी बेटावर मोटारीचे शरीर बांधण्याचे आणि ते दुरुस्त करण्याचे कौशल्य पसरले ते सर्वसामान्यांच्या वाहनांमधून. १९२० नंतरच्या काळात सिंगापूरच्या रस्त्यांवर ‘मॉस्किटो बस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सात आसनी छोट्या गाड्या धावत असत. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या गाडीची चॅसी, म्हणजे इंजिन व चाके पेलणारा लोखंडी सांगाडा, घ्यायचा आणि त्यावर प्रवाशांसाठी स्वतंत्र डबा बांधायचा, अशी त्यांची रचना होती. डबा आणि सांगाडा वेगवेगळे असल्यामुळे एक खराब झाला तरी दुसरा टाकून द्यावा लागत नसे. मोटार म्हणजे कारखान्यातून आलेली, हात न लावता वापरायची वस्तू असा समज ज्या काळात रुजलेला नव्हता, त्या काळातील ही पद्धत होती. मोटार कापता येते, जोडता येते, तिच्यावर नवे अंग बसवता येते, ही जाण जुन्या मोटारीच्या पुनर्बांधणीच्या मुळाशी असते, आणि ती सिंगापुरात संग्राहकांच्या पुष्कळ आधी आलेली होती.

१९२६ हे वर्ष दोन्ही शहरांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. साम्राज्यातील बाजारपेठांचे हक्क फोर्डच्या कॅनडा येथील कंपनीकडे होते, आणि तिने त्या एकाच वर्षी भारतासाठी व मलायासाठी स्वतंत्र उपकंपन्या काढल्या. पैकी मलायाच्या कंपनीचे ठाणे सिंगापूर होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जुळणीचा कारखाना सुरू केला. जुळणी म्हणजे परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या मागवून त्यांची मोटार स्थानिक कामगारांकडून उभी करणे. हे काम करणाऱ्या कामगारांना मोटारीचा प्रत्येक भाग हाताखालून जाताना दिसत असल्यामुळे जुळणीचे कारखाने हे त्या शहरांतील मिस्त्रींचे शिक्षणकेंद्रही ठरले. फोर्डचा बुकिट तिमाह येथील नवा कारखाना ऑक्टोबर १९४१ मध्ये सुरू झाला. परंतु अवघ्या चार महिन्यांत, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, ब्रिटिश सेनापती पर्सिव्हल यांनी जपानी सेनेपुढे शरणागतीपत्रावर सही केली ती याच इमारतीत. युद्धानंतर कारखाना पुन्हा सुरू झाला, १९८० मध्ये बंद पडला, आणि २००६ साली त्या इमारतीस राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला.

एकच मोटार, दोन धोरणे

स्वातंत्र्यानंतर भारत आणि सिंगापूर यांनी मोटारीच्या बाबतीत परस्परविरुद्ध दिशा धरल्या, आणि जुन्या मोटारींचे पुढील भवितव्य त्यातूनच ठरले. भारताने स्वदेशी उत्पादनाचा आग्रह धरल्यामुळे केवळ जुळणी करणाऱ्या फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात येथून काढता पाय घेतला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि बंगालमधील हिंदुस्थान मोटर्स या कंपन्यांनी मोजकीच प्रारूपे दशकानुदशके बनवली. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली ॲम्बॅसडर २०१४ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत राहिली, तर इटालियन फियाट ११०० वर आधारलेली आणि पुढे ‘पद्मिनी’ नावाने प्रसिद्धी पावलेली मोटार या शतकाच्या आरंभापर्यंत कुर्ल्यात तयार होत होती.

याच मॉरिस आणि फियाट घराण्यांतील गाड्या सिंगापूरच्या रस्त्यांवरही मुबलक होत्या. १९६० च्या दशकात तेथे विनापरवाना भाडे मारणाऱ्या टॅक्सींचा सुळसुळाट झाला होता. तो मोडून काढून चालकांना अधिकृत व्यवसायात आणण्यासाठी कामगार संघटनांच्या पुढाकाराने १९७० मध्ये ‘कम्फर्ट’ ही सहकारी संस्था स्थापन झाली, आणि तिच्या पहिल्या टॅक्सी मॉरिस ऑक्सफर्ड याच घराण्यातील होत्या. सायकल अँड कॅरेज या कंपनीने १९६५ मध्ये हिलव्ह्यू भागात मर्सिडीज-बेंझ मोटारींच्या जुळणीचा कारखाना काढला. मात्र बेट लहान, बाजारपेठ मर्यादित आणि मलेशियापासून फारकत झालेली, त्यामुळे मोटार-उद्योगास संरक्षण देत राहण्यात शासनाला हशील दिसले नाही आणि १९८० च्या सुमारास जुळणीचे युग संपले. यापुढे सिंगापूरच्या दृष्टीने मोटार ही देशात निर्माण होणारी वस्तू राहिली नाही. अपुऱ्या रस्त्यांवर जागा अडवणारी आयात वस्तू एवढीच तिची ओळख उरली, आणि तिच्याविषयीचे सारे धोरण या दृष्टिकोनातून आखले गेले.

या धोरणाची पहिली मोठी पायरी १९७५ मध्ये पडली. त्या वर्षी २ जूनपासून शहराच्या मध्यभागी गर्दीच्या वेळी मोटार नेण्यासाठी दिवसाला ३ डॉलरचा परवाना घेणे बंधनकारक झाले. वर्षअखेरीस नव्या मोटारीच्या नोंदणीवरील अतिरिक्त शुल्क तिच्या आयात किमतीच्या १०० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आले, आणि १९८३ पर्यंत ते १७५ टक्क्यांवर गेले. जुन्या मोटारींच्या दृष्टीने अधिक परिणामकारक ठरली ती त्याच सुमारास आलेली सवलतीच्या शुल्काची योजना. जो मालक आपली जुनी मोटार मोडीत काढून नवी घेईल, त्यास अतिरिक्त शुल्कात मोठी सूट देण्याची ही तरतूद होती. पुढे तिचे रूपांतर दहा वर्षांच्या आत मोटारीची नोंदणी रद्द केल्यास भरलेल्या शुल्काचा काही हिस्सा परत देण्याच्या पद्धतीत झाले. सुस्थितीतील मोटार मोडीत काढणे हे यामुळे मालकाच्या फायद्याचे झाले. एरवी जी गाडी दुरुस्त होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली असती, ती वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी भंगारात किंवा परदेशी जाणाऱ्या जहाजावर चढू लागली.

१ मे १९९० पासून त्यात वाहनसंख्येच्या कोट्याची भर पडली. प्रत्येक मोटारीसाठी ‘हक्काचे प्रमाणपत्र’ लिलावात विकत घ्यावे लागते, त्याची मुदत दहा वर्षांची असते, आणि ती संपल्यावर मोटार एक तर मोडीत काढावी किंवा देशाबाहेर पाठवावी लागते, नाही तर लिलावातील चालू सरासरी किंमत पुन्हा भरून पाच किंवा दहा वर्षांची मुदतवाढ घ्यावी लागते. शिवाय दहा वर्षांपुढील मोटारीवर रस्ता-कराचा अधिभार दर वर्षी वाढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो आणि तिची तपासणी दर वर्षी करावी लागते. फेब्रुवारी २०१८ पासून खाजगी मोटारींची संख्या वाढू द्यायचीच नाही असा निर्णय झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या मोटारींच्या गटातील हे प्रमाणपत्र १,५०,००१ सिंगापूर डॉलरला विकले गेले. एवढी रक्कम मोटारीच्या किमतीव्यतिरिक्त, केवळ तिला दहा वर्षे रस्त्यावर ठेवण्याच्या हक्कासाठी मोजावी लागत असेल, तर सर्वसाधारण माणूस त्या हक्कावर जुनी गाडी चढवणार नाही, हे उघड आहे.

हौगांग आणि डेफू

करधोरणाने मोटारीचे वय ठरवले, तर नगररचनेने ती दुरुस्त करणाऱ्या माणसांची जागा ठरवली. अप्पर सेरांगून रस्त्याच्या दुतर्फा पसरलेला हौगांगचा जुना परिसर तिओच्यू भाषक चिनी कुटुंबांचा होता. शहरापासूनच्या मैलाच्या दगडांवरून वस्त्या ओळखल्या जात, कुठे डुकरे व कोंबड्या पाळल्या जात, कंगकार भागात मासेमारी चाले, आणि १९०१ मध्ये बांधलेले कुमारी मरियेच्या जन्माचे कॅथलिक चर्च हे त्या परिसराचे ठळक चिन्ह होते. अशा ग्रामवस्त्यांत, ज्यांना मलाय भाषेत ‘कांपुंग’ म्हणतात, राहते घर आणि धंदा यांच्यात भिंत नसे. घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचे छप्पर टाकून सुतारकाम, वेल्डिंग किंवा मोटारदुरुस्ती करावी, पावसात काम थांबवावे आणि आठवडाभर एखादी गाडी झाडाखाली खोलून ठेवावी, हे त्या रचनेत सहज शक्य होते, कारण जागेचे भाडे तासांच्या हिशेबाने मोजावे लागत नव्हते.

१९६० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हौगांगमध्ये नवे नगर उभारायला घेतले, तेव्हा कुटुंबांबरोबरच असे घरामागचे उद्योगही हलवणे भाग पडले. बेटावरील निरनिराळ्या ग्रामवस्त्यांमधून उठवलेल्या छोट्या धंद्यांना सामावून घेण्यासाठी ज्या औद्योगिक वसाहती वसवण्यात आल्या, त्यांत डेफू ही महत्त्वाची होती. क्रमांक दिलेल्या गल्ल्या, त्यांत ओळीने बांधलेले बुटके गाळे आणि गाळ्यांसमोर गाडी उभी करता येईल अशी जागा, असे तिचे स्वरूप होते, आणि फर्निचर बनवणारे, भंगारवाले व मोटारीचे कारागीर तेथे एकमेकांच्या शेजारी आले. या शेजाराचे महत्त्व जुन्या मोटारीच्या दृष्टीने मोठे आहे. एका गाळ्यात इंजिन उघडलेले असताना दोन गल्ल्यांपलीकडे कातकाम करणारा, तिसऱ्या ठिकाणी रंगवाला आणि चौथ्या ठिकाणी आसनांची गादी शिवणारा सापडतो, तेव्हा एक मोटार चार जणांच्या हातून पूर्ण होते. हेच लोक शहराच्या चार टोकांना विखुरले, तर वाहतुकीचा आणि वेळेचा खर्च कामाच्या मोबदल्यापेक्षा अधिक होतो. सुट्या भागांसाठी जालान बेसार परिसरातील जुनी दुकाने आणि १० जुलै २०१७ रोजी बंद झालेला सुंगेई रोडचा जुना बाजार हेही याच साखळीचे दुवे होते, जसे मुंबईत कुर्ल्याचे भंगारवाले आणि चोरबाजारातील मटन स्ट्रीट हे आहेत.

परवाना आणि खरेदी

दहा वर्षांच्या नियमातून जुन्या मोटारींना वाट काढून देण्यासाठी सिंगापूरच्या भूपरिवहन प्राधिकरणाने दोन स्वतंत्र वर्ग मानले आहेत. १९४० पूर्वी बनलेल्या गाड्या ‘व्हिंटेज’ आणि किमान ३५ वर्षे वयाच्या गाड्या ‘क्लासिक’ समजल्या जातात. क्लासिक वर्गातील मोटारीस प्रमाणपत्र व कर यांत सवलत मिळते, मात्र त्या बदल्यात ती वर्षातून ठरावीक दिवसच, अलीकडच्या नियमानुसार ४५ दिवस, रस्त्यावर आणता येते. एरवी तीन वर्षांहून जुनी मोटार सिंगापुरात आयात करता येत नसल्याने हे वर्ग म्हणजे परदेशातून जुनी गाडी आणू इच्छिणाऱ्यास उघडलेले एकमेव दार ठरते. या नियमाचा अर्थ असा की दहा ते पस्तीस वर्षे वयाची मोटार सर्वांत असुरक्षित असते. ती क्लासिक म्हणावी इतकी जुनी नसते आणि सवलत परत मिळावी इतकी नवीही नसते. या पंचवीस वर्षांत तिला सांभाळायचे, तर पूर्ण किंमत भरून प्रमाणपत्राची मुदत वाढवत राहावी लागते, आणि त्यातही पाच वर्षांची मुदतवाढ घेतल्यास ती पुन्हा वाढवता येत नाही. म्हणूनच बेटावर १९८० व १९९० च्या दशकांतील साध्या, घरगुती वापराच्या मोटारी दुर्मीळ झाल्या.

अशा परिस्थितीत खरेदीदाराची पहिली परीक्षा कागदपत्रांची असते. इंजिनावर व सांगाड्यावर ठोकलेले क्रमांक नोंदणीपत्राशी, ज्याला तेथे ‘लॉग कार्ड’ म्हणतात, तंतोतंत जुळले पाहिजेत, कारण पूर्वी कधी इंजिन बदलून त्याची नोंद केलेली नसेल, तर मोटार कितीही सुंदर असली तरी तपासणीत अडते. दुसरी परीक्षा पत्र्याची. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, बाराही महिने दमट हवा आणि चहूबाजूंनी समुद्र, यांमुळे सिंगापुरात गंज हा इंजिनातील बिघाडापेक्षा मोठा शत्रू असतो. अनुभवी खरेदीदार फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक घेऊन दाराचा खालचा भाग, चाकांवरील कमान आणि डिकीची जमीन चाचपतो. जिथे चुंबक चिकटत नाही, तिथे रंगाखाली पत्रा उरलेला नसून मुंबईच्या गॅरेजांत जिला ‘लांबी’ म्हणतात ती भरणी आहे, असे तो समजतो. मॉरिस मायनरसारख्या, १९४८ पासून बनलेल्या गाड्यांत ही तपासणी अधिक महत्त्वाची ठरते, कारण त्यांना स्वतंत्र सांगाडा नसून पत्र्याचे कवचच सारा भार पेलते. दाराच्या उंबऱ्याखालची पोकळ पट्टी गंजून गेली असेल, तर अशी मोटार मधोमध खचू लागते आणि तिचे दरवाजे नीट लागेनासे होतात.

पुनर्बांधणीचे काम

पुनर्बांधणी म्हणजे मोटार मूळ स्थितीत आणण्याचे काम. आणि ते किती खोलवर करायचे हा पहिला निर्णय असतो. गंजलेल्या पट्टीचे काम जवळून पाहिले, तर कारागिराच्या कौशल्याची कल्पना येते. प्रथम गाडीचे दरवाजे, आसने व काचा काढल्या जातात, आणि पट्टी कापल्यावर गाडी वाकू नये म्हणून आतून लोखंडी टेकू वेल्ड करून तिचा आकार बांधून घेतला जातो. मग गंजका भाग चकाकता, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापला जातो. येथे हात आखडता घेतला, तर दोन पावसाळ्यांत गंज नव्या जोडाखालून पुन्हा डोके वर काढतो. नवा पत्रा वाळूच्या पिशवीवर व ठोकळ्यावर हातोडीने घडवला जातो. पत्र्याच्या एका बाजूस ठोकळा धरून दुसऱ्या बाजूने हलके घाव घालत वक्रता आणायची असते, आणि एखादा घाव जोराचा बसला तर पत्रा ताणला जाऊन फुगतो, मग तापवून व पाण्याने थंड करून त्याला पुन्हा आवळावे लागते. जोड एकावर एक न ठेवता कडेला कड लावून, थोड्या थोड्या अंतरावर टाके देत वेल्ड करतात, कारण सलग वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा लाटेसारखा वाकतो. जुन्या पद्धतीचे कारागीर जोडावरील उंचसखलपणा रासायनिक भरणीने न झाकता, भांड्याला कल्हई करावी तसा, शिसे व कथील यांचे मिश्रण तापवून पसरतात आणि कानशीने घासून सपाट करतात. एवढे झाल्यावर अस्तराचा रंग, घासणी आणि शेवटचा रंग यांची पाळी येते, आणि रंग पाहणाऱ्यास त्याखालील आठवड्यांचे काम दिसत नाही.

इंजिनाच्या बाबतीत सिंगापुरातील मालकांना कालबदलाचा सामना वेगळ्या प्रकारे करावा लागला. १९९८ च्या मध्यापासून तेथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. हवेच्या व लहान मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय सर्वथा योग्य होता. तथापि जुन्या इंजिनांत बिडाच्या मऊ बैठकींवर आपटणाऱ्या झडपांना इंधनातील शिशाचा पातळ थर संरक्षण देत असे. तो नाहीसा झाल्यावर भरधाव चालवलेल्या गाडीत झडपा आपल्या बैठकीत रुतत जातात आणि इंजिनाचा दाब गळू लागतो. त्यावरील उपाय म्हणजे इंजिनाचे डोके उतरवून, मूळ बैठकी कोरून काढून तेथे कठीण पोलादाच्या कड्या ठोकणे, आणि हे काम अचूक कातकाम करणाऱ्याशिवाय होत नाही. यावरून पुनर्बांधणीतील एक नेहमीचा प्रश्न समोर येतो, तो म्हणजे मूळपण किती जपायचे आणि उपयोगासाठी कितपत बदल स्वीकारायचा. बाहेरून न दिसणारा आणि मोटारीचे आयुष्य वाढवणारा बदल ग्राह्य मानावा, परंतु तिचा काळ पुसून टाकणारा बदल टाळावा, ही भूमिका इतिहासाच्या दृष्टीने अधिक समर्थनीय वाटते.

सुट्या भागांचा प्रश्न ब्रिटिश मोटारींच्या बाबतीत तुलनेने सुसह्य आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने कारखान्याचे मूळ साचे वापरून एमजी बी या गाडीचे संपूर्ण कवच १९८८ पासून पुन्हा बनवायला सुरुवात केली, आणि मॉरिस मायनरचे पत्रेही इंग्लंडमधून मागवता येतात. ज्या गाड्यांना असे पाठबळ नाही, त्यांचे भाग मात्र दुसरी मोडकी गाडी मिळवूनच जमवावे लागतात. आणि सिंगापुरात मोडकी गाडी साठवून ठेवायला अंगण नाही, घराखाली स्वतःचे गॅरेज नाही, त्यामुळे काही मालक हे काम सामुद्रधुनीपलीकडे, मलेशियातील जोहोर राज्यात करून घेणे पसंत करतात.

टंचाईने जपलेले आणि परवान्याने जपलेले

मुंबईतील परिस्थिती याच्या नेमकी उलट होती. आयातीवर कडक निर्बंध आणि नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, यांमुळे महाराष्ट्रात मोटार मोडीत काढणे ही कल्पनाच मध्यमवर्गास परवडणारी नव्हती. दादर, गिरगाव किंवा पुण्याच्या पेठांतील मिस्त्रीने एकच फियाट तीन मालकांच्या हातात चालती ठेवली ती हौसेखातर नसून गरजेपोटी, आणि त्या गरजेतून इंजिन बोअर करण्यापासून पत्रा ठोकण्यापर्यंतची विद्या घरोघरच्या गॅरेजांत टिकून राहिली. मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती, आणि टॅक्सींसाठी घातलेली वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. ज्या घराण्यातील मोटार सिंगापुरात कित्येक दशकांपूर्वीच मोडीत निघाली, ती मुंबईत इतका काळ रोजच्या रोजीरोटीचे साधन म्हणून चालली.

अलीकडे भारतही सिंगापूरच्या दिशेने सरकताना दिसतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले, आणि त्याच वर्षी ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. अशा वाहनास क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे, आणि वाहन नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. टंचाईने जे आपोआप जपले होते ते यापुढे परवान्याने जपावे लागेल, असा या बदलाचा अर्थ आहे. आणि म्हणूनच सिंगापूरचा अनुभव मराठी वाचकाच्या दृष्टीने दूरच्या देशाची हकिगत राहत नाही.

या अनुभवाचा सर्वांत महत्त्वाचा धडा डेफूमध्ये आढळतो. २०१० नंतरच्या दशकात त्या वसाहतीच्या पुनर्विकासाची योजना पुढे आली, बुटक्या गाळ्यांच्या जागी बहुमजली औद्योगिक संकुले उभी राहू लागली, आणि १ जानेवारी २०१८ रोजी गृहनिर्माण मंडळाकडील औद्योगिक मालमत्ता जेटीसी या औद्योगिक जमिनींच्या सरकारी महामंडळाकडे सोपवण्यात आल्या. जमिनीची टंचाई पाहता असे उंच बांधकाम करण्यामागील कारण समजण्यासारखे आहे. परंतु जुन्या मोटारीचे काम हे मंद गतीचे असते. खोललेली गाडी महिनोन्महिने जागा अडवते, त्यातून मिळणारे उत्पन्न अनियमित असते, आणि वाढते भाडे पेलण्यासाठी कारागिरास अपघातातील गाड्यांचे बंपर बदलण्यासारखी झटपट कामे घ्यावी लागतात. नवे गाळे अधिक स्वच्छ व सुरक्षित असले, तरी गल्लीतील शेजारांचे जाळे एकदा विस्कटले की पुन्हा विणले जाणे कठीण असते, आणि वयस्क कारागिराने स्थलांतराच्या वेळी धंदा आवरता घेतला, तर त्याच्याबरोबर वाळूच्या पिशवीवर पत्रा घडवण्याची विद्याही संपते.

शासनाने मोटारीस परवाना दिला म्हणजे वारसा जपला, अशी समजूत करून घेणे त्यामुळे पुरेसे नाही. सिंगापूरने फोर्डच्या कारखान्याची इमारत स्मारक म्हणून राखली, आणि २०१८ पासून आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाची, म्हणजे माणसांच्या अंगी असलेल्या कलाकौशल्यांची, सूची तयार करण्याचे कामही हाती घेतले. मोटारीचा पत्रा घडवणाऱ्याच्या कौशल्याकडे याच दृष्टीने पाहण्याची, औद्योगिक संकुलांत अशा कामासाठी माफक भाड्याची जागा राखून ठेवण्याची आणि तंत्रशिक्षणाच्या संस्थांत एक-दोन विद्यार्थी अशा कारागिराच्या हाताखाली धाडण्याची गरज आहे. महाराष्ट्रात ही संधी अजून हुकलेली नाही. येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटार-मेकॅनिकचे व पत्राकामाचे अभ्यासक्रम आहेत, आणि कार्बोरेटर जुळवणारे, हातोडीने पत्रा वळवणारे मिस्त्री अद्याप कामावर आहेत. ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळालेली मोटार आणखी पन्नास वर्षे चालायची असेल, तर तिच्या नोंदणीइतकेच लक्ष या मिस्त्रींच्या गॅरेजांकडे आणि त्यांच्या शिष्यांकडे द्यावे लागेल. हौगांगच्या इतिहासातून घ्यावयाचा बोध हाच आहे.